डाव्या कोपऱ्यातला दगड

"या जॅकेटची चेन आणि माझं नशीब, दोन्ही एकाच जागी अडकतात," माझ्या कानापासून वीतभर अंतरावर कोणीतरी पुटपुटलं. पहाटेचे पाच वाजले होते, गाडीच्या काचांवर दव होतं आणि पुटपुटणारे अर्थातच आमचे हे होते.

मी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी मी साधीसुधी बाई नव्हतेच मुळी! नव्या वाचनालयाच्या बारा फुटी भिंतीवर माझा फोटो लागणार होता. अकरा वर्षं दर रविवारी डोंगर तुडवत, वाचत, चुकत मी एकटीने फोटोग्राफी शिकले. पण माझा एकही फोटो आमच्या बैठकीच्या खोलीपलीकडे गेला नव्हता. तिथेही पंख्याच्या बटणांखाली. आणि आता एकदम बारा फूट!

"भिंतीची काळजी सोडा," मी ग्रंथपालबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. "फोटोसमोर उभं राहिलं की जगात माणसं आहेत हेच विसरायला होईल. नावसुद्धा ठरलंय. 'निर्मनुष्य'!"

त्यासाठी माझी वाइड अँगल लेन्स सज्ज होती. ही लेन्स म्हणजे भोचक आत्याबाई. समोरचं तर बघतेच, पण डावीकडे कोण बसलंय, उजवीकडे काय शिजतंय, सगळं तिला हवं! तिच्यात डोंगर येतो, आभाळ येतं, माझ्या बुटाचं टोक येतं आणि हमखास आमच्या ह्यांचं कोपर येतं. म्हणून तर मी त्यांना ते मातकट जॅकेट घेऊन दिलं होतं. चुकून फोटोत आलेच, तर जमिनीत मिसळून जावेत! नवऱ्याला कपडे घेताना बायका काय काय बघतात. मी एवढंच बघितलं.

डोंगरासमोरच्या माळावर पोचलो. पाठीमागून सूर्य वर आला आणि डोंगर असा उजळला की माझा श्वासच अडकला. आणि नेमकी तेव्हाच चाळीस फूट लांब सावली येऊन चौकटीत आडवी पडली.

"अहो, तुमची सावली!"

"मग काय तिला घरी ठेवून येऊ?"

"माझी पडतेय का?"

"तू पोटावर झोपली आहेस!"

"तुम्ही डावीकडे व्हा. अजून. अजून!"

हे चालत चालत इतके दूर गेले की आवाज पोचेना. पण त्याची चिंता नव्हती. अकरा वर्षांत आमच्या खुणा ठरून गेल्या आहेत. मी हात वर केला की 'हला', हात खाली केला की 'आहात तिथे बसा'. एवढ्यावर आमचा संसारही चालतो म्हणा!

हे चौकटीच्या पार बाहेर गेले. मैदान मोकळं. मी खूश! तेवढ्यात वारा सुटला, माझी टोपी उडायला लागली, म्हणून ती धरायला मी हात वर केला. मग बटण दाबायला हात खाली घेतला. पुढचा दीड तास मी फोटोमागून फोटो काढले. हे गाडीचा हॉर्न वाजवल्यावरच आले, गुडघे चोळत.

घरी कॉम्प्युटरवर पाहिलं, तर एक फोटो असा जमला होता की माझीच दृष्ट लागावी. डोंगर सोन्याचा. आभाळ धुतलेलं.

"आणि हा डाव्या कोपऱ्यातला दगड बघा!" मी ह्यांना ओढून आणलं. "सगळ्या फोटोचा तोल ह्या एका दगडाने सांभाळलाय!"

ह्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हं," म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

त्या दगडाचं कौतुक मी ग्रंथपालबाईंना पत्रात सात ओळी लिहून आणि नणंदेला फोन करून कळवलं.

उद्घाटनाच्या दिवशी पडदा सरकला. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या, वीज गेल्यावर पंखा थांबावा तशा. बारा फुटांत डोंगर होता, आभाळ होतं आणि डाव्या कोपऱ्यात हातभर उंचीचे आमचे हे होते! वाइड अँगलच्या कडेला बसलेला माणूस ताणला जातो, तसे हे ताणले गेले होते. एक पाय तर पायजम्याची नाडी ओढावी तसा लांबच लांब. डोंगराकडे पाठ. हात गुडघ्यांत. आणि चेहरा! दाढ काढून घ्यायला रांगेत बसलेला माणूससुद्धा यापेक्षा आशेने बघतो. खाली पितळी पट्टीवर ठळक अक्षरांत: 'निर्मनुष्य'.

"रंग काय आलेत!" ग्रंथपालबाई घाईघाईने म्हणाल्या.

"ढग तर हुबेहूब," फोटो चिकटवणारे गृहस्थ म्हणाले.

"वहिनी, दगड मात्र फार छान आलाय हं," माझी नणंद म्हणाली. सख्ख्या भावाला!

मी चिकटवणाऱ्यांना कोपऱ्यात घेतलं. "हा काढता येईल का?"

"बाई, दहा वर्षं हलणार नाही!" त्यांनी अभिमानाने भिंतीवर थाप मारली. ती नेमकी ह्यांच्या डोक्यावर बसली.

मग मी आणि नणंदेने वर्तमानपत्रांचा स्टँड ओढून कोपऱ्यासमोर लावला. एका आजोबांनी तो उजेडासाठी खिडकीशी नेला. आम्ही कुंडी सरकवली. झाड ह्यांच्या छातीपर्यंत आलं आणि हे झुडपात दबा धरून वाचकांवर पाळत ठेवताहेत असं दिसायला लागलं. कुंडी परत गेली. शेवटी मी स्वतःच तिथे उभी राहिले.

"ताई, जरा बाजूला होता का?" एक बाई म्हणाल्या. "डोंगर दिसत नाहीये."

अकरा वर्षं हे वाक्य मी म्हणत आले होते. ऐकायची वेळ पहिलीच.

मी बाजूला झाले, तर शेजारी हे उभे. आम्ही दोघं भिंतीवरच्या ह्यांच्याकडे बघत राहिलो.

"तुम्ही फोटोत आलातच कसे?"

"तू हात वर केलास, मी परत उजवीकडे हललो. खाली केलास, बसलो."

"टोपी धरली होती मी!"

"ते इतक्या लांबून कसं कळणार?"

"आणि घरी बघितलंत तेव्हा का नाही बोललात?"

"तू खुशीत होतीस."

ग्रंथपालबाई एकाएकी पुस्तकं लावायला लागल्या. नणंद छताकडे बघायला लागली. मी आवाज खाली आणला.

"थंडी वाजत होती का?"

"नाही."

"बूट चावत होते?"

"नाही गं."

"मग असा चेहरा का? इतका सुंदर डोंगर होता!"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला डोंगर आवडत नाहीत," हे म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी हातातलं पुस्तक उलटं लावलं.

"अकरा वर्षं?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"पहिल्या रविवारी सांगायचं राहून गेलं. मग दर रविवारी आणखीच उशीर होत गेला."

नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

लेन्समधून एकशेदहा अंशांत सगळं टिपणारी बाई मी! काहीतरी बोलायला तर हवं होतं.

"मग," मी विचारलं, "समुद्र?"

ह्यांनी माझा हात हातात घेतला.

"समुद्रही नाही," हे म्हणाले.