चार फ्रेमवर्क, एक बाथरूम

त्या घरात माणसं पाच आणि बाथरूम एक. एवढ्या भांडवलावर एखादं घर वर्षानुवर्षं सुखाने भांडू शकतं. चिरंजीवांनी ते भांडण मिटवायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

चिरंजीव म्हणजे घरातला थोरला मुलगा. नाव बाबांनी ठेवलेलं, मुलगा काहीतरी नवीन करायला निघाला की ते सुस्कारा टाकून म्हणत, "काय चिरंजीव, आज काय?" पुढे सगळेच म्हणायला लागले. वय तीस, लग्नाला तीन महिने, नोकरी वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत. आता वेबसाइट बनवायची तर फ्रेमवर्क लागतं. म्हणजे तयार सांगाडा. खांब-छप्पर दुसऱ्याने उभं करून दिलेलं असतं, आपण फक्त आपलं सामान लावायचं. ऑफिसात कुठला सांगाडा वापरायचा हे मॅनेजर ठरवायचे, आणि ते त्यांनी आठ वर्षांपूर्वी एकदाच ठरवलं होतं. त्यामुळे चिरंजीवांची एकच इच्छा उरली होती: प्रोजेक्ट स्वतःचा, फ्रेमवर्कही स्वतः निवडलेलं. गेली दोन वर्षं ते निवडतच होते. (बायको त्यांनी चाळीस मिनिटांत पसंत केली होती. बायकोने हा हिशेब मनात ठेवला होता, पण ती बोलली नव्हती. ती फारशी बोलायचीच नाही.)

शेवटी चार उमेदवार उरले. चिरंजीवांनी त्यांना टोपणनावं दिली. एक जुनाजाणता, जो कुठलंही काम सावकाश पण बिनतक्रार करायचा. एक पैलवान, ज्याला साधं बटण दाखवायलाही अर्धा गाव सोबत लागायचा. एक सडपातळ. आणि एक नवा, ज्याचं कौतुक सगळे करत होते पण तो वापरलेला माणूस कुणाला भेटत नव्हता.

"नुसतं वाचून काही कळत नाही," चिरंजीव बायकोला म्हणाले. "एकच छोटी गोष्ट चौघांतही बनवायची आणि खऱ्या माणसांच्या हातात द्यायची."

"कुठली माणसं?"

त्याच क्षणी भिंतीपलीकडून दार बडवल्याचा आवाज आला. आई म्हणत होती, "अहो, आत झोप लागली की काय?"

चिरंजीवांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "ही."

अशा रीतीने बाथरूमचं वेळापत्रक जन्माला आलं. फोनवर वेळांची यादी दिसायची. हवी ती वेळ दाबली की ती हिरवी व्हायची आणि पुढे आपलं नाव उमटायचं. सोपं काम. चिरंजीवांनी ते चार वेळा केलं, चार सांगाड्यांत. रविवारी सगळ्यांना गोळा करून वाटप झालं. आई शाळेत गणित शिकवायची, तिला जुनाजाणता. बाबा जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना पैलवान. धाकटी बहीण दातांच्या दवाखान्यात कामाला, तिला नवा. बायकोला सडपातळ.

"आणि तुझा कुठला?" आईने विचारलं.

"परीक्षक परीक्षेला बसत नाही," चिरंजीव म्हणाले. "आठवडाभर वापरा. मात्र चाचणी चालू असताना कुणी कशाला हात लावायचा नाही."

त्या रात्री बायकोने खोलीचं दार लोटून घेतलं. "गुरुवारी मला सातची वेळ हवी आहे. मुलाखत आहे. पावणेआठची बस चुकली तर संपलं."

मुलाखत होती ती दुसऱ्यांनी बनवलेल्या वेबसाइटमध्ये चुका शोधण्याच्या नोकरीसाठी. (त्या कामाचा सराव तिला लग्नापासून आपोआप होत होता, पण चिरंजीवांना ते उमगायला गुरुवार उजाडायचा होता.) तीन ठिकाणांहून नकार आला होता. ही चौथी आणि तिला मनापासून हवी असलेली.

"घरात सांगू?" चिरंजीवांनी विचारलं.

"नको. नाही मिळाली तर पाच दिवस सगळे हळू आवाजात बोलतील. फक्त सातची वेळ दे."

सातची वेळ म्हणजे साधी गोष्ट नव्हती. गीझरचं गरम पाणी दोघांनाच पुरायचं आणि सातच्या वेळेवर, घर बांधलं तेव्हापासून, बाबांचा कब्जा होता.

"अगं, आता सिस्टीम आहे. तू फक्त हिरवं कर. शंभर टक्के तुझी."

"नक्की?"

"लग्नात दिलेल्या सगळ्या वचनांपेक्षा नक्की."

तिने हिरवं केलं.

सोमवारपासून चिरंजीव वही घेऊन घरभर फिरू लागले. आई म्हणाली, "माझ्यात अक्षरं मोठी आहेत, छान आहे." मग हळूच, "पण बाकीच्यांना जमलेलं दिसत नाही रे. यादीत माझं एकटीचंच नाव असतं."

"शिकतील," चिरंजीव म्हणाले आणि वहीत लिहिलं: आई, प्रगती उत्तम.

बाबा म्हणाले, "फोन तापतो, पण थंडीत बरं वाटतं." मग जवळ वाकून, "तुझी आई नुसतं वापरते म्हणते. तिचं नाव कुठेच नाही. चालायचंच, सगळ्यांना नसतं जमत."

धाकटी म्हणाली, "दादा, हा तुझा नवा झकास आहे. पण घरात मी एकटीच शहाणी आहे का?"

तिघांनी तीन दिवसांत एकच गोष्ट सांगितली. दुसरा कुणी असता तर दचकला असता. चिरंजीवांनी तिन्ही वेळा वहीत 'वापरणाऱ्याचा आत्मविश्वास वाढला' असं लिहिलं.

तरी बुधवारपर्यंत काही घडलं नाही, कारण फोनवर काहीही असलं तरी पाय जुन्या सवयीने जुन्याच वेळेला बाथरूमकडे जात होते. चिरंजीवांना ते खटकलं. बुधवारी जेवताना ते म्हणाले, "उद्यापासून जुनी वहिवाट बंद. ज्याच्या फोनवर हिरवं, त्याचं बाथरूम. वय, मान, ओरडणं, काही चालणार नाही."

बायकोकडे पाहून त्यांनी हलकेच मान डोलावली. ती मात्र इतरांकडे पाहत होती. आई, बाबा आणि धाकटी तिघंही ताटात बघून स्वतःशीच हसत होती.

गुरुवारी सकाळी सातला घरातली तीन दारं एकदम उघडली. बाबांचं दार बाथरूमला लागून. ते आत शिरले आणि कडी वाजली. बाहेर आई, धाकटी आणि सूनबाई, तिघी टॉवेल घेऊन उभ्या.

"माझं सात आहे," आई म्हणाली.

"आई, माझं आहे. हे बघ हिरवं."

"हे बघ माझंही हिरवं. बाई गं, आणि हिचंही!"

आतून बाबांचा आवाज आला, "माझंही हिरवं आहे! फोन कोनाड्यात ठेवलाय, हवं तर फटीतून दाखवतो!"

"अहो, काही दाखवू नका," आई ओरडली. "चिरंजीव!"

चिरंजीव वही घेऊनच आले. चेहऱ्यावर अजून विश्वास होता. "थांबा. घाबरू नका. सिस्टीम चुकत नसते." त्यांनी तिन्ही फोन हातात घेतले, पाहिले, पुन्हा पाहिले. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हां. म्हणजे काय झालंय, चारही फ्रेमवर्क वेगळी, म्हणून चौघांची माहितीही वेगवेगळ्या ठिकाणी साठते. एकीला दुसरीचा पत्ता नाही."

"म्हणजे चार कागदांवर चार याद्या लिहून चौघांना वाटल्यास तू?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"आई, ते इतकं साधं नसतं."

"मग कसं असतं?"

चिरंजीवांनी छताकडे पाहिलं. "तसंच."

धाकटी भिंतीला टेकून हसू लागली. सूनबाई हसली नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून अकरा मिनिटं. मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. तीन महिन्यांत चिरंजीव एवढं शिकले होते की तिचं बोलणं परवडतं, गप्प राहणं नाही.

"हिची मुलाखत आहे!" ते एकदम म्हणाले. "नऊला! पावणेआठची बस! मी हिला शब्द दिला होता."

मग आईने पदर खोचला आणि दारावर मूठ आपटली. "अहो, बाहेर या!"

"साबण लावलाय!"

"मग साबणासकट या! सुनेची मुलाखत आहे!"

"आधी नाही का सांगायचं?" म्हणत दीड मिनिटात बाबा बाहेर आले. एक कान फेसात होता. "जा बाळ, जा. दोघांचं गरम पाणी मात्र मी एकट्याने संपवलंय गं."

"चालेल, बाबा."

धाकटीने तोवर वहिनीचे कपडे इस्त्री केले, आईने डबा भरला. चिरंजीव मध्ये मध्ये उभे राहून सगळ्यांना आडवे येत होते, म्हणून त्यांना बसथांब्यावर बस अडवून धरायला पाठवलं. (ते काम त्यांनी चोख केलं. ड्रायव्हर काय म्हणाला ते त्यांनी घरी सांगितलं नाही.) ओले केस घेऊन ती पावणेआठला बसमध्ये चढली.

संध्याकाळी ती आली तेव्हा पाचही जण दारात हळू आवाजात बोलत होते. पाचवे शेजारचे काका, त्यांनाही कळलं होतं.

"मिळाली," ती म्हणाली.

मग आवाज व्हायचा तेवढा झाला. तो ओसरल्यावर चिरंजीवांनी विचारलं, "काय विचारलं त्यांनी?"

"आधी कधी काही तपासलंय का, असं. मी सकाळचं सांगितलं."

"हसले का?"

"नाही. तिघांनी लिहून घेतलं. मग निष्कर्ष विचारला. मी म्हटलं, चारही फ्रेमवर्कमध्ये दोष नाही. प्रत्येकाने सांगितलं तेच केलं. दोष होता तो चौघांत सामाईक असलेल्या एकाच गोष्टीत."

"कुठल्या?" चिरंजीवांनी पेन काढून उत्सुकतेने विचारलं.

धाकटीला खोकला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या दारावर आईचा शाळेतला जुना फळा टांगलेला होता. सुंदर अक्षरांत, खडूने आखलेल्या चौकटीत वेळा आणि नावं: सहा पंचेचाळीस, सूनबाई. सात, बाबा. सव्वासात, धाकटी. साडेसात, आई. चिरंजीवांनी फळा वरून खाली वाचला आणि मग खालून वर.

"यात माझं नाव कुठे आहे?"

"तुझ्या चारही याद्यांत नव्हतं," आई म्हणाली. "आम्ही होतं तसं उतरवून घेतलं."

चिरंजीवांनी मुकाट्याने खडू उचलला. तेवढ्यात मागून बायको, लग्नानंतर पहिल्यांदाच घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हात लावायचा नाही. चाचणी चालू आहे."