श्यामची मान आणि विभावरीचे पाय

श्यामची मान डावीकडे वळेनाशी होऊन तीन आठवडे झाले होते, आणि विभावरीचे पाय संध्याकाळी आंबवलेल्या पिठासारखे फुगायला लागून तीन महिने. त्यामुळे कतारमधल्या अल वक्राच्या एका वेलनेस सेंटरने जोड-पॅकेज काढलं, तेव्हा ते आपल्याच घरासाठी शिवलंय हे श्यामने बघताक्षणी ओळखलं. आधी कायरोप्रॅक्टिकने मान-मणके जागेवर आणायचे, मग हलक्या हाताच्या लिम्फॅटिक मसाजने सूज उतरवायची.

"पण हे एका माणसासाठी आहे," विभावरी म्हणाली.

"अर्धांगिनी म्हणजे काय मग? मान माझी, पाय तुझे. मिळून एक पेशंट."

विभावरीला वाद घालायला सवड नव्हती. शुक्रवारच्या सुट्टीत तिथल्या मराठी मंडळाची मंगळागौर होती आणि झिम्मा-फुगडीचं लीड तिच्याकडे होतं. पाय असेच राहिले तर तिच्या जागी उभी राहायला गटातली गार्गी तयार होती. नुसती तयार नव्हे, नऊवारीला इस्त्री करून. श्याम मंडळाचा सचिव. कार्यक्रम ‘सात म्हणजे सात’ला सुरू होणार, असं त्याने ग्रुपवर तीनदा टाकलं होतं. अकरा वर्षांत हे कुणाला जमलेलं नव्हतं.

फॉर्म विभावरीने भरला, श्यामच्या नावाने. बाई मुळात प्रामाणिक, त्यामुळे सगळं खरं लिहिलं: मान आखडली आहे, पाय सुजतात, दुसऱ्या बाळंतपणापासून कंबर धरते.

गुरुवारी पाच वाजता दोघं काउंटरवर हजर झाली. हिजाब बांधलेल्या रिसेप्शनिस्टच्या छातीवर ‘अनीसा’ अशी पाटी होती. "वन पर्सन, सर?" तिने विचारलं.

"येस येस, वन पर्सन," श्याम म्हणाला, आणि तिच्यासमोरच खणखणीत मराठीत बायकोकडे वळला. परदेशात आपली भाषा कुलुपात असते, असं मराठी माणूस धरूनच चालतो. "मान झाली की मी पोट दुखतंय म्हणून सटकतो. मग तू आत जा."

"आणि नाव विचारलं तर?"

"श्याम सांग. इथे कुणाला ठाऊक, श्याम बाई की बाप्या? ह्या बाईला काय कळतंय!"

अनीसाने शांतपणे फाइल पुढे सरकवली. बेत चोख होता. फक्त पुरुषांचा विभाग उजवीकडे आणि बायकांचा डावीकडे होता, आणि फाइल श्यामबरोबर उजवीकडे गेली.

आत डॉक्टर हमजांनी श्यामची मान हातात घेतली. कट्कन आवाज झाला आणि श्यामला तीन आठवड्यांनी डावीकडची भिंत दिसली.

"शुक्रन, थँक्यू डॉक्टर, खलास!" मान सुटल्याच्या आनंदात पोटदुखी विसरून तो उठला.

"खलास कुठे? अजून मसाज आहे." डॉक्टर इंग्रजीत म्हणाले आणि फॉर्म वाचायला लागले. "पाय सुजतात?"

श्यामने आपल्या काडीसारख्या पायांकडे पाहिलं. खरं बोललो तर पॅकेज गेलं. "सुजतात. पण फक्त संध्याकाळी."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळचे साडेपाच झाले होते.

"आणि दुसऱ्या बाळंतपणापासून कंबर?"

"बाळंतपण बायकोचं," श्याम तसूभरही न डगमगता म्हणाला. "बाळ रात्रंदिवस मी उचलायचो."

असा बाप डॉक्टरांनी पाहिला नव्हता. त्यांनी मसाज पूर्ण एक तासाचा लिहून दिला. मोरपीस फिरवावं तसे हात पायांवरून फिरत राहिले आणि गुदगुल्या आवरण्यासाठी श्याम टॉवेल चावत राहिला. शेवटी सूचना मिळाली: दोन दिवस रोज तीन लिटर पाणी.

तो तरंगत बाहेर आला. विभावरी खुर्चीत पाय टेकून बसली होती.

"माझे पाय तू चोळून आलास?"

"नाइलाज होता गं."

"बरं वाटलं?"

"खूप," श्याम म्हणाला. दिवसभरात तो हे एकच खरं बोलला आणि नेमकं तेच अंगाशी आलं. विभावरीचा आवाज असा काही चढला की पाण्याच्या मशीनपाशी उभं असलेलं गिऱ्हाईक पेला ठेवून निघून गेलं.

"ताई, भांडू नका," काउंटरमागून मराठीत आवाज आला. दोघं गर्रकन वळली. "मी खेडची. रत्नागिरी जिल्हा. पॅकेज घरातल्या दोघांत वाटून घेता येतं. फॉर्मवर खाली लिहिलंय. नुसतं सांगायचं होतंत."

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?" श्यामने विचारलं.

"भाऊ म्हणाले, ह्या बाईला काय कळतंय. म्हटलं, बघू तरी, भावाला किती कळतंय."

श्यामच्या मसाजचे वेगळे पैसे घेऊन तिने स्वतः विभावरीला डावीकडच्या विभागात नेलं. पावणेआठला विभावरी बाहेर आली तेव्हा तिच्या घोट्यांची हाडं तीन महिन्यांनी दिसत होती. "पण चोवीस तास उड्या नाहीत हां, ताई," अनीसाने बजावलं. "नाहीतर सूज परत."

चोवीस तास म्हणजे उद्या पावणेआठ. मंगळागौर सात म्हणजे सातला. आणि पहिलाच नंबर विभावरीच्या गटाचा.

"अगं, तू बस निवांत," गार्गी फोनवर गोड आवाजात म्हणाली. "मी करते ना लीड."

शुक्रवारी सातच्या ठोक्याला हॉल भरला होता. मेसेजच्या धाकाने एरवी आठला येणारेही आले होते. श्याम माइकपाशी गेला आणि आभार मानायला लागला. सुरुवातीलाच आभार का, हे कुणाला कळेना. पाहुणे झाले, हॉलवाले झाले, सतरंज्या घालणारे झाले. मग मान सहज वळवून त्याने डावीकडच्या रांगांतल्या एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. साडेसातला तो मंडळाच्या स्थापनेकडे वळला. एव्हाना आदल्या संध्याकाळपासूनचं सगळं पाणी त्याला आठवायला लागलं होतं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होता.

"श्यामभाऊ, यल्ला, आटपा!" विंगेतून गार्गी ओरडली. दुसऱ्या विंगेत विभावरी घड्याळ धरून उभी होती. तिने दहा बोटं दाखवली. मग पाच. श्यामने घाम पुसत मंडळाच्या पहिल्या सहलीचं वर्णन काढलं. अखेर तिने पदर खोचला आणि मान हलवली.

"वाळवंटात बस बंद पडली तेव्हा... धन्यवाद!" म्हणत श्याम माइक सोडून सुसाट पळाला. मागे विभावरीने पहिली फुगडी घातली आणि हॉल दणाणला.

पहिल्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "पाहिलंत? पाऊण तास उशीर झाला तर बिचारा किती धावतोय. सचिव असावा तर असा."