डावीकडं वेणी, उजवीकडं सरी

चंपाबाईनं निवडलेलं बी उगवलं नाही, असं सदलग्यात कुणी दाखवून द्यावं, मी त्याच्या उंबऱ्यावर नाक घासीन! तंबाखू असो, सोयाबीन असो नाहीतर सून असो, दोन वाण समोर ठेवले की मला एका नजरेत कळतं कुठला टिकणार आणि कुठला नुसती पानं दाखवणार. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण शाळेत कुठं वाण शिकवतात? तेव्हा गाडीच्या टायरांचा निवाडाही मीच केला. तो कसा झाला ते इतरांपेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. इतरांकडं त्याचा व्हिडिओ आहे.

सगळं झालं ते राजाबाईपायी. राजाबाई माझी धाकटी बहीण, सावंतवाडीला दिलेली. यंदा आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वात तिनं दहा दिवसांचे उपवास धरले, नुसत्या कोमट पाण्यावर. लहान होती तेव्हा ती माझ्या हातून घेतल्याशिवाय पाणी पीत नसे. आई चिडायची, "आक्का काय तुझी पाणक्या हाय व्हय गं?" मी म्हणायचे, असू दे. आता सहासष्ट वर्षांची झाली, पण सातव्या दिवशी फोनवर तेच म्हणाली.

"आक्का, पारण्याचं पाणी तुझ्या हातचं. तू आलीस तर सोडीन, न्हाय तर बसते तशीच."

आवाज इतका बारीक आला की वाटलं, सुईच्या नेढ्यातून ओवून आलाय. ती हट्टी आहे. बसली असती तशीच.

मी माहेरचा चांदीचा तांब्या घासून ठेवला आणि पोराला, वृषभला, गाडी काढायला सांगितलं. तर तो म्हणाला, गाडीचे टायर पार झिजलेत, या पावसात आंबोलीचा घाट उतरायचा नाही म्हणजे नाही. नवे टायर घालू, मग जाऊ. घाल म्हटलं. इथंपर्यंत सगळी शहाणी माणसं होती.

मग जावईबापू आले. धवल. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला आहेत, लोखंडातलं सगळं कळतं त्यांना, आणि रबराचंही आपल्यालाच कळतं असं त्यांना वाटतं. लांबच्या प्रवासाचे म्हणून दोन वाणांचे टायर निघाले. एकावर उसाच्या सरीसारख्या सरळ रेघा. वृषभचं म्हणणं, हा कोरड्या रस्त्यावर इतका गप चालतो की आत मुंगी शिंकली तरी ऐकू येईल. दुसऱ्यावर वेणीसारखी तिरकी नक्षी. धवलचं म्हणणं, पावसात पाणी बाजूला सारून रस्ता धरावा तर यानंच. दोन दिवस दोघं बोलत होते. जेवताना बोलले, बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, पायऱ्यांवर बोलले, हात धुताना बोलले. दोघांनीही मोबाईलवर एका गोऱ्या माणसाला गाडी चालवताना बघितलं आणि दोघांनाही तो आपल्याच बाजूचा वाटला.

तिकडं माझी राजा पाण्यावर, आणि इकडं हे पोटभर जेवून रबरावर!

तिसऱ्या दिवशी मी उठले. म्हटलं, चला निपाणीला. हमरस्त्यावर आण्णाप्पाचं टायरचं दुकान आहे. त्याला मी सांगितलं, डावीकडं दोन वेणीचे घाल, उजवीकडं दोन सरीचे. आण्णाप्पाच्या हातातला पाना खाली पडला.

"आक्का, असं करत न्हाईत. एका जोडीला एकच वाण लागतोय."

मी त्याला समजावलं. तुझ्या आजानं तंबाखू केली का नाही? दोन बियाणं ताडून बघायची तर काय करायचा? एक या रानात, एक त्या रानात लावायचा? माती वेगळी, पाणी वेगळं, मग दोष कुणाला देणार? एकाच रानात, एकाच पाण्यावर, शेजारी शेजारी लावायची. डावीकडं हे, उजवीकडं ते. मग उंची बघायची.

आण्णाप्पानं पाना उचलला आणि म्हणाला, "आक्का, रान पळत न्हाय."

"म्हणून तर पिकतंय," मी म्हटलं. "घाल."

वृषभनं जावयाकडं बघितलं, जावयानं वृषभकडं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं दिसत होतं. पण माझ्यापुढं बोलायचं कुणी, हे काही ठरलं नाही. आण्णाप्पानं मात्र टायर घालता घालता वृषभच्या कानात सांगितलं, गावापलीकडं नेऊ नका आणि चाचणी झाली की तडक परत आणा. हे मला नंतर कळलं.

पारण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी बस्तीत जाऊन आले आणि चाचणीला बसले. आमच्या मळ्याकडं जाणारा डांबरी रस्ता सरळ आहे, सुगीचे दिवस सोडले तर त्यावर कुत्रंही येत नाही. त्या दिवशी ऊन पडलं होतं, रस्ता पापडासारखा वाळलेला. मी फक्कीनं पांढरी रेघ मारून घेतली. इथं ब्रेक लावायचा आणि गाडी कुठं थांबते ते पावलांनी मोजायचं. मोजायला शेजारचा भरमा होता. भरमा आठवड्यातून दोनदा भाजीचा टेम्पो घेऊन सावंतवाडीला जातो. त्या दिवशीही दुपारी निघणार होता, पण मी हाक मारल्यावर आला बिचारा. सून, क्षमा, मोबाईल घेऊन बांधावर उभी राहिली. म्हणाली, "आत्ती, पुरावा असू दे." मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

मी मागच्या सीटवर बरोबर मधोमध बसले. डावा कान वेणीला, उजवा कान सरीला. मांडीवर चांदीचा तांब्या काठोकाठ भरून घेतला. ज्या बाजूला पाणी सांडेल तो टायर उनाड. आणि डोळे मिटले. सुनेची भाकरी जमली का नाही हे मी डोळे मिटून, नुसत्या थापण्याच्या आवाजावर ओळखते. टायरचं काय मोठंसं!

गाडी निघाली. खरंच गप चालत होती. खालून नुसता एक बारीक सूर येत होता, लांब कुठं तरी कुणी जात्यावर बसावं तसा. खिडकीतून उसाच्या पाल्याचा ओला वास आला. हळूहळू त्या सुराला घुंगरांचा आवाज मिळाला. आप्पांची, आमच्या वडलांची, बैलगाडी. खाली कडब्याचा बिछाना, वर आभाळ, आणि शेजारी पाच वर्षांची राजा, तिच्या पायांना तंबाखूच्या रानाची काळी माती. आप्पा पुढं बसल्या बसल्या पेंगताहेत, बैलांना वाट ठाऊक आहे. राजा म्हणते, आक्का, पाणी. मी म्हणते, थांब, वाटेत सांडंल...

"आई, कुठला जास्त वाजला?"

वृषभ मागं वळून विचारत होता. गाडी थांबली होती. माझी मांडी ओली होती, सगळी उजवीकडं.

आता मी काय सांगणार होते? "उजवा उनाड हाय," मी म्हटलं. जावईबापूंनी खुशीत मांडीवर थाप मारली. वृषभचं तोंड पडलं.

तेवढ्यात भरमा मोजून आला. म्हणाला, डावं चाक रेघेपासून बावीस पावलांवर थांबलंय.

"आणि उजवं?"

"ते बी बावीस."

मी म्हटलं, मोजायला चुकलास. तो पुन्हा गेला, पुन्हा बावीस. धवल फार अदबीनं म्हणाले, "मामी, गाडी एकच हाय. ती अर्धी आधी थांबंल कशी?"

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. मी म्हटलं, कोरड्यात सगळेच गुणाचे असतात. ओल्यात कळेल.

पण ओलं आणायचं कुठून? दहा दिवस धो धो पडणारा पाऊस आज नेमका सुट्टीवर. मी उसाची मोटर चालू करायला लावली आणि पाण्याचा मोठा पाईप भरमाच्या हातात दिला. भरमानं इमानानं रस्ता भिजवला. इतका भिजवला की बांधावरची काळी माती खाली उतरून डांबरावर पसरली, आणि रस्ता लोण्यागत चमकायला लागला. भरमा पाईप धरून काहीतरी म्हणत होता, पण त्याला विचारलं कुणी? माणसाच्या हातात पाईप दिला की तो पाईप धरायला असतो, बोलायला नसतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

वृषभ म्हणाला, "आई, तू खाली उतर."

"मी उतरल्यावर निवाडा कोण देणार, तुझा गोरा माणूस?"

पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तो सूर, आता पाण्याचा. चाकाखाली पाणी कसं बोलतं म्हणून सांगू! दूधगंगेच्या काठानं अनवाणी चालावं तसं. आणि एकाएकी गाडी वळायला लागली. घाई नाही, धक्का नाही. खळ्यावर मळणी चालली होती. आप्पांचे बैल तिवड्याच्या खांबाभोवती गोल गोल फिरत होते आणि मी नि राजा मागच्या फळीवर बसून फिरत होतो. ऊस फिरत होता, बांध फिरत होता, आभाळात ढग फिरत होते. राजा हसत होती. तिच्या हसण्यासारखं हसणं मी पुन्हा कुणाचं ऐकलं नाही. म्हणाली, आक्का, आणखी एक फेरी. मी तिचा हात घट्ट धरला. तो थंडगार होता.

थंडगार होता, कारण तो चांदीचा तांब्या होता.

गाडी उलट्या तोंडानं आमच्याच उसात, गुडघाभर चिखलात बसली होती. पुढं वृषभ आणि धवल, दोघं समोर बघत, बोहल्यावर बसवल्यासारखे शहाणे. कुणाला खरचटलंही नव्हतं. मी तांब्याकडं बघितलं आणि म्हटलं, बघा, एक थेंब सांडला नाही! धवल हळूच म्हणाले की तो मघाशीच सांडून संपला होता, नंतर भरलाच नव्हता.

मग सगळे एकदम बोलायला लागले. धवल म्हणत होते, वेणीनं रस्ता धरला, सरीनं सोडला, म्हणून गाडी फिरली, म्हणजे आपण जिंकलो. वृषभ म्हणत होता, तो चिखल होता, चिखलात टायर कसला मोजता? दोन्हीकडच्या आवाजांनी माझं डोकं उठलं. मी सांगितलं, मला फिरताना इंच इंच कळत होतं, डोळे मिटले असले तरी पूर्ण शुद्धीत होते, आणि विचार करून सांगीन.

ट्रॅक्टर लावून गाडी ओढली. बाहेर आली, पण पुढचं एक चाक रुसल्यासारखं बाहेर बघत होतं. दोन दिवस तरी लागतील, वृषभ म्हणाला. त्याचा चेहरा आता खरंच उतरला होता.

मी बांधावर बसले. पदराला चिखल, मांडीवर रिकामा तांब्या. उद्या सकाळी राजा पाटावर बसेल, समोर पाणी असेल आणि दाराकडं बघत राहील. दहा दिवस. आणि मी इथं वाण ताडून बघत होते. कुणाला शिव्या द्याव्यात तर सगळे माझ्याच हुकमानं वागले होते. अशी पंचाईत माझ्यावर कधी आली नव्हती.

भरमानं पाईप खाली ठेवला. मोटर बंद केली. माझ्यापुढं येऊन म्हणाला, "आक्का, मी आत्ता सावंतवाडीलाच निघालोय. पुढची सीट रिकामी हाय. मघापास्नं तेच सांगतोय."

कोथिंबिरीच्या पेंढ्या, फ्लॉवरचे गड्डे आणि मी, असे आम्ही निघालो. आजरा मागं पडलं तशी पावसानं गाठ घेतली. आंबोलीच्या घाटात धुकं इतकं खाली आलं होतं की टेम्पो चालतोय का ढग चालताहेत ते कळेना. कड्यावरून पाणी पडत होतं, आवाज नसल्यासारखं, पांढरं. भरमा असा सावकाश उतरत होता, जणू टेम्पोत कुणाचं झोपलेलं मूल आहे. मी त्याला विचारलं, किती वर्षं या घाटात?

"एकोणीस झाली की."

"टायर कुठला घालतोस रं?"

त्यानं जरा विचार केला. "झिजला की नवा घालतोय, चारी एकसारखं. नाव काय बघितलं न्हाय. पावसात हळू जातोय, आक्का."

तीन दिवस आमच्या घरात दोन शहाणे भांडत होते, तिसरी शहाणी त्यांचा निवाडा करत होती, आणि हळू जायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्या डोक्यात होतं त्याच्या हातात मी पाईप दिला होता.

दिवस मावळायच्या आत पोचले. राजा दारातच पाटावर बसली होती, भिंतीला टेकून, वाळल्या पानासारखी हलकी. तिनं माझ्या पदराचा चिखल चिमटीत धरून बघितला.

सकाळी बस्तीतून आल्यावर मी पाणी गाळलं, उकळलं, कोमट केलं आणि तांब्यातनं तिच्या ओंजळीत सोडलं. थोडं सांडलंच. ती प्यायली. मग आणखी मागितलं. दोन घोट पोटात गेल्यावर तिच्या तोंडावर रंग आला, आणि ती हसायला लागली. अगदी खळ्यावरचं हसणं. थांबेच ना. तिची सून म्हणाली, अहो, जपून, ठसका लागेल.

"काय झालं गं?" मी विचारलं.

तिनं उशीखालनं मोबाईल काढला. क्षमानं कालच सगळ्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवला होता. त्यात आमची गाडी येते, रेघेवर ब्रेक लागतो, गाडी डौलात फिरते, एक पूर्ण गिरकी, वर अर्धी, आणि उसात जाऊन बसते. खिडकी उघडी. आत मी दिसते. मान उजव्या खांद्यावर, तोंड उघडं.

"आवाज वाढीव," राजा सुनेला म्हणाली.

आवाज वाढवला. मोटरच्या आवाजावर मात करून मी घोरत होते.

"इंच इंच कळत होतं व्हय गं आक्का?"

मी तांब्या उपडा करून ठेवला. आण्णाप्पानं नंतर गाडीला चारी टायर एकाच वाणाचे घातले, कुठले ते मी विचारलं नाही. पण आता गावात कुणी नवी गाडी घेतली की मुद्दाम मला गाठून विचारतो, चंपाक्का, कुठला टायर घ्यावा? मीही खोटं सांगत नाही. दोन्ही वाण मी स्वतः ताडून बघितलेत, कोरड्यावर आणि ओल्यावर. झोप दोन्हीवर सारखीच लागते.