साहेबांच्या डोक्यावरचं छप्पर

सेल्लम्माच्या खोलीवर मंगळवारी बारा नवे टिनाचे पत्रे बसले. मळ्याच्या दप्तरात मात्र तशी नोंद नाही, त्यामुळे ते बसलेले नाहीत. वाचकांनीही तसंच धरून चालावं.

श्रीलंकेत हॅटनच्या वरच्या अंगाला आमचा चहामळा आहे. कचेरीत सर आर्चिबाल्ड मॅकक्रिन्डल यांचं मोठं तैलचित्र आहे. हा मळा त्यांनी स्वतः लावला, असं खालच्या पितळी पट्टीवर कोरलंय. लावताना त्यांच्या हातात काय होतं ते चित्रात दिसतं : एक छडी आणि कुत्र्याची साखळी. चित्रासमोरून जाताना तोडणीच्या बाया अजूनही डोक्यावरचं पोतं उतरवतात. साहेबांकडे पाय करायचे नाहीत, असाही नियम आहे. साहेब वारून एकशे दहा वर्षं झाली, पण नियम रद्द झाल्याचा कागद अजून आलेला नाही.

सेल्लम्मा मजुरांच्या चाळीत, म्हणजे लाइनीत, सातव्या खोलीत राहते. एकतीस वर्षं पानं तोडतेय. छप्पर गळतं म्हणून तिचे सोळा अर्ज मीच लिहिले, कारण कचेरीत कारकून मी एकटाच. यंदा तिची मुलगी कनगा पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तेव्हा सतरावा अर्ज घेऊन ती थेट मॅनेजर हेट्टिगे यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हलेना.

हेट्टिगे मनाने चांगले. मजुरांच्या छपरासाठी तरतूद नव्हती, वारसा जतनासाठी होती. त्यांनी वारसा खात्याला कळवलं की सर आर्चिबाल्ड यांच्या नाकावर ओल आली असून बारा पत्रे तातडीने हवेत. आठ दिवसांत पत्रे आले आणि गुपचूप सातव्या खोलीवर ठोकले गेले.

गुरुवारी वारसा खात्याचे वीरकोन तपासणीला आले. सकाळी पाऊस होऊन गेला होता आणि साहेबांच्या नाकावर खरोखरच थेंब पडत होते. आपण खोटं लिहिलं नव्हतं, हे हेट्टिगेंनाही तेव्हाच कळलं.

"पत्रे कुठं आहेत?" वीरकोन म्हणाले.

हेट्टिगेंनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. खिडकी दुर्दैवाने लाइनीकडे उघडते. सातवी खोली उन्हात लखलखत होती.

पत्रे उतरवतो, असं हेट्टिगे म्हणाले. पण उतरवलेल्या पत्र्याला खिळ्यांची भोकं राहतात आणि ती सरकारी मालाची नासाडी ठरते. वीरकोननी नियमावली दोनदा चाळली. पत्रे चित्रावर हवेत, एवढंच तीत होतं. मग चित्रच पत्र्यांखाली न्यायचं ठरलं. चौघांनी साहेबांना खांद्यावर घेतलं.

सेल्लम्मा रोटी भाजत होती. धुराने वार्निश काळवंडतं म्हणून चूल विझवली. खोली दहा फुटांची, कशीही आडवी झाली तरी तिचे पाय साहेबांकडेच होत.

"मग मी झोपायचं कसं, अय्या?" तिने वीरकोनना अदबीने विचारलं.

"बाहेर."

"आणि माझी कनगा? तान्हं लेकरू रात्रंदिवस रडेल."

वीरकोननी विचार केला. "रडण्याबद्दल नियम नाही. ओलावा मात्र चालणार नाही."

मग साहेबांची कचेरीतली भिंत तरी मोकळी झाली ना, असं तिने विचारलं. वीरकोननी ती तिला तिथल्या तिथे मंजूर केली.

शनिवारी कनगा आली. आता दोघी कचेरीत छत्री उघडून बसतात. मी फायली जरा सरकवून घेतल्या आहेत. सातवी खोली बघायला पाहुणे येतात. साहेब किती साधे राहत होते, असं ते वहीत लिहून जातात.

काल मी अठरावा अर्ज लिहिला :

विषय : अर्जदारास तैलरंगात रंगवून मिळण्याबाबत.

महोदय, आम्हीही भिजतो, पण आमच्या भिजण्याला कोणतंही खातं नाही. तरी मला व माझ्या मुलीला एका चौकटीत रंगवून वारशात नोंद करावी, म्हणजे आमच्यासाठी पत्रे मागता येतील. बाळापुरती जागा तूर्त कोरी सोडावी. दिवस भरत आले आहेत.

प्रत माहितीसाठी : हे वाचून हळहळणाऱ्या सर्वांना. त्यांच्याकडून कार्यवाही अपेक्षित नाही. फक्त आमचं चित्र लागलं तर बघायला यावं, ही नम्र विनंती.