जमनाबाईच्या रक्तातलं एन्झाइम

हैदराबादच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलेला विकास दोन वर्षांनी सेनगावजवळच्या आपल्या तांड्यावर आला, तो आईसाठी नव्हे, रक्तासाठी. हातात बर्फाने भरलेला डबा आणि डोक्यात चारची एसटी. दुपारपर्यंत त्याने चाळीस जणांच्या बोटांतून चार-चार थेंब काढले. पहिलं बोट जमनाबाईचं, त्याच्या याडीचं, म्हणजे आईचं. पोराने निदान बोट तरी हातात धरलं, एवढ्यावरच ती खूश.

"एवढुशा रक्तात काय पाहता रे तुमी?"

"याडी, निरोप धाडायला मेंदू बारीक बारीक पदार्थ बनवतो. तसला पदार्थ या रक्तात टाकायचा. रक्तातलं एन्झाइम त्याला किती लवकर कापतं, ते मोजायचं."

"मंजी निरोप रक्तातच कापल्या जातो," जमनाबाई म्हणाली. "म्हणूनच तुला घरची सय येऊन न्हाई राहिली."

विकास हसला आणि आंघोळीला गेला. जमनाबाईला मात्र भरून आलं. पोरासोबत गरम लापशी द्यायची होती आणि घरात घट्ट झाकणाचा डबा एकच, त्याचाच. त्यात तर नुसता बर्फ. तो तिने अंगणात ओतला, रक्ताच्या नळ्या पुसून, फडक्यात बांधून त्याच्या पिशवीत ठेवल्या आणि डबा लापशीने गच्च भरला.

सेनगावच्या स्टँडवर नवा बर्फ घालायला विकासने डबा उघडला, तर आतून वाफ आली. जीप पकडून तो तसाच परत आला.

"याडी, समदं रक्त बाद झालं. नळ्या हैदराबादेहून मागवाव्या लागतील. आठ दिवस थांबावं लागंल."

"आठ दिवस?" जमनाबाईने तोंड पाडायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ते पडेना.

आठ दिवस कसे गेले, तिला कळलं नाही. मग ताजं रक्त ताज्या बर्फात घालून विकास गेला आणि घर खायला उठलं. रोज एसटीच्या वेळेला ती फाट्याकडे बघत बसायची.

महिन्याने नेमसिंगकडे, म्हणजे तांड्यावरच्या एकुलत्या एका फोनवर, विकासचा आवाज आला. "याडी, बाकीच्यांचं रक्त चांगलं निघालं. तुझं एकटीचं बिघडलं. आयतवारी येऊन पुन्हा घेतो."

दोन दिवसांनी प्रयोगशाळेचं आभाराचं पत्र आलं. नेमसिंगने वाचून दाखवलं. चाळीसच्या चाळीस नमुने उत्तम, आणि यादीत पहिलं नाव जमनाबाईचं.

"काकी, तुझं रक्त तर बराबर हाय. पोरगं खोटं काहून बोलून राहिलं?"

जमनाबाईने डोळ्यांना पदर लावला. मग पत्राची नीट घडी करून ते चुलीत घातलं.

"न्हाई बाबा, बिघडलंच हाय," ती म्हणाली. "अन् अजून दोन-चार डाव तरी बिघडंल."