वैरागडेकाकांचे उन्हाळे

आमच्या शेजारचे वैरागडेकाका घरी आलेल्याला पाण्याआधी साबण देतात. "घामट हात चामड्याले खाते," म्हणतात. चामडं म्हणजे त्यांच्या जुन्या, रोलच्या कॅमेऱ्यांवरचं काळं आवरण. सेवाग्राम रोडवरचा त्यांचा फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा कॅमेरे घरातल्या कपाटात आले.

लेन्सबद्दल काका बोलतच नाहीत. "काच बदलवता येते, पोरी. कातडं सांभाळा लागते." टिकाऊपणा ते उन्हाळ्यांत मोजतात. एका जर्मन कॅमेऱ्याबद्दल म्हणाले, "बर्फात टिकला, त्याचं काय कौतुक? वर्ध्याचा मे काढून दाखव म्हणा!" माझी नवी पर्स नखानं दाबली. "दोन उन्हाळे." मला बघायला आलेल्या मुलाशी हात मिळवला आणि तो गेल्यावर आईला म्हणाले, "दीड." आई चिडली. मला नाही म्हणायचा धीर होत नव्हता. माझं काम झालं.

मी फारशी कुठे बोलत नाही. काकांकडे बोलावं लागत नाही. हात धुवायचे आणि ते देतील ते धरायचं.

यंदाच्या मे महिन्यात काकूंचा कॅमेरा सोलवटला. काकू आता नाहीत. खेड्यांतल्या लग्नांत काका कॅमेरा घेऊन आले की बायका पदर खाली ओढायच्या. काकू आपला कॅमेरा घेऊन पुढे झाल्या की पदर मागे जायचे. त्यांच्या अंगठ्याखाली चामडं झिजून आतलं पितळ दिसू लागलं होतं.

"लय भांडलो तिच्याशी. कणकेतून उठली का तसाच कॅमेरा धरे. म्हणो, हात धू. आयके नाई."

आता उरलेल्या चामड्याचाही भुगा होत होता. काका बराच वेळ तुकडे जागच्या जागी बसवत राहिले. शेवटी म्हणाले, "धर, पोरी. नवीन लावू."

बकरीचं पातळ चामडं त्यांनी मापानं कापलं. अगदी बरोबर बसलं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी ते पुन्हा उचललं आणि ब्लेडनं मधोमध अंगठ्याएवढं भोक पाडलं.

"काका, तिथूनच सुटायला लागेल ना!" मी म्हणाले. "असं किती उन्हाळे टिकेल?"

"टिकन तेवढं टिकन. मी तरी किती काढतो?" ते चिकटवत राहिले. "पण तिथं काऊन लावू? ते जागा काय रिकामी हाय?"

मग त्यांनी फडक्यानं सगळा कॅमेरा पुसला. पितळ सोडून.