चीफ सबनीस आर्किटेक्ट व्हायला निघतात

चीफ सबनीस आमच्या घरी पहिल्यांदा आले ते डोळे मिटून.

परदेशात, बिशान नावाच्या वस्तीत, अकराव्या मजल्यावर आम्ही राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. अर्धी खोकी अजून उघडायची होती. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर पांढऱ्या मिशांचा, अर्ध्या चड्डीतला एक ताठ माणूस उभा. "मी सबनीस. समोरचा. आत येऊ का?" एवढं म्हणून त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि हॉलमधून सरळ चालायला लागले. मंदार, माझा नवरा, हातात पंख्याचं पातं घेऊन बघत राहिला. ते एका खोक्याला अडखळले, सावरले, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन वळले आणि तसेच परत दाराशी आले. मग डोळे उघडून म्हणाले, "घर बरं आहे. आत वळताना माणूस अडतो. फ्रिज चार बोटं मागे सरकवा. नमस्कार."

दुसऱ्या दिवशी मंदारने फ्रिज चार बोटं मागे सरकवला. खरंच फरक पडला, आणि त्याचा आम्हाला दोघांनाही थोडा रागच आला.

सबनीस सव्वीस वर्षं बोटीवर होते. शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनिअर, म्हणून बायको सोडून सगळे त्यांना चीफच म्हणायचे. बोटीच्या इंजिनरूममध्ये वीज गेली आणि धूर भरला तर बाहेर कसं पडायचं, याचा सराव डोळे बांधून करतात म्हणे. चीफनी तो इतक्या वेळा केला होता की जमिनीवर आल्यावरही सवय गेली नाही. ते कुणाच्याही घरी गेले की एक फेरी डोळे मिटून मारणार. "चांगलं घर पायांना कळतं," असं त्यांचं म्हणणं. तोआ पायोहला एका मित्राच्या वास्तुशांतीला त्यांनी अशीच फेरी मारली आणि गुरुजींच्या ताम्हणात पाय घातला.

दुसरं त्यांचं पालुपद म्हणजे "दुसरी वाट". हॉटेलात गेले की बसण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट शोधणार. गणपतीत मंडळाच्या हॉलवर आरती सुरू झालेली असायची आणि चीफ मागच्या जिन्याचं दार ढकलून बघत असायचे. इथल्या सरकारी फ्लॅटना एकच दार असतं, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. मंदारने एकदा सहज सांगितलं की ऑफिसात कंटाळा आलाय. चीफनी लगेच विचारलं, "दुसरी वाट बघून ठेवलीये का?" मंदार नाही म्हणाला. "मग आधी ती बघा. मग कंटाळा."

स्वतःची दुसरी वाट त्यांनी बघून ठेवलेली आहे, हे आम्हाला एका रविवारी कळलं. रविवारी सकाळी आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं, चीफ आणि नीलाताई, खाली हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत नाश्ता करायचो. नीलाताई म्हणजे चीफच्या बायको. गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या, बोलायच्या कमी, पण जे बोलायच्या त्याला खालून रेघ ओढल्यासारखं असायचं. चीफ बोट सोडल्यापासून इथेच एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात होते. टोस्ट कॉफीत बुडवत ते म्हणाले, "मी परवा राजीनामा दिला."

"पुढचं सांग," नीलाताई म्हणाल्या.

"आर्किटेक्चरला अर्ज करतोय. मास्टर्सला."

चीफ तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. मंदारने विचारलं, "पण त्याला आधी आर्किटेक्चरची डिग्री लागते ना?"

"इथे लागत नाही," चीफ म्हणाले. "मी त्यांचं पान तीनदा वाचलं. डिझाइनची पार्श्वभूमी नसलेले लोकही चालतात. माझ्याकडे ती अजिबात नाही. म्हणजे मी पूर्णपणे पात्र आहे."

"खालची ओळ वाच," नीलाताई म्हणाल्या.

खालची ओळ अशी होती की पार्श्वभूमी नसली तरी पोर्टफोलिओ लागेल. म्हणजे आपण काढलेल्या, केलेल्या, रचलेल्या गोष्टींची एक वही. ती बघून मास्तर लोक ठरवणार की या माणसाला नजर आहे की नाही.

चीफनी हे काम बोटीच्या दुरुस्तीसारखं हातात घेतलं. आधी ते कम्युनिटी क्लबातल्या शनिवारच्या चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागले. शिकवणारी लिम नावाची तरुण मुलगी होती. पहिल्याच दिवशी तिने टेबलावर अर्धी पपई ठेवली आणि सांगितलं, बघा आणि काढा. बाकीच्यांनी पपई काढली. चीफनी पपई सुटी करून काढली. साल वेगळी, गर वेगळा, बिया वेगळ्या, आणि प्रत्येक भागाला बाण लावून नंबर. लिम बराच वेळ बघत राहिली. मग इथल्या बोलीतल्या 'लाह'सकट म्हणाली, "अंकल, ही पपई आहे लाह. पंप नाही."

हे चीफनीच आम्हाला सांगितलं, आणि वर म्हणाले, "बिया मोजण्यात मात्र तिला चूक सापडली नाही."

मग त्यांनी पुठ्ठ्याचं एक मॉडेल केलं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत म्हाताऱ्यांना बसायला एक मंडप. तीन आठवडे खपले. आमच्या फ्रिजची, वॉशिंग मशीनची, सगळी खोकी त्यात गेली. डिंक वाळावा म्हणून त्यांनी ते एका सकाळी बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवलं आणि आंघोळीला गेले. आमच्याकडे एक चिनी आजी रोज पुठ्ठे गोळा करायला यायच्या. चीफ अंग पुसत बाहेर आले तर मॉडेल नाही. ते तसेच पंच्यावर लिफ्टने खाली गेले. मी मागून गेले, कारण पंचा नीट बांधलेला नव्हता. आजींनी मंडप जमिनीवर ठेवला होता आणि एका पायाने, अगदी सवयीने, चपटा केला होता.

मला वाटलं आता हे ओरडणार. चीफ खाली वाकले, चपट्या मंडपाचे कोपरे तपासले आणि मला मराठीत म्हणाले, "म्हातारीच्या एका पायात बसला. म्हणजे डिझाइन कच्चं होतं." मग वर जाऊन उरलेले पुठ्ठे आणले आणि तेही आजींच्या हातगाडीवर रचून दिले. आजींना यातलं काही कळलं नाही, पण पंच्यातल्या माणसाकडे बघून त्या दिवसभर हसत असाव्यात.

अर्जाबरोबर एक निबंध द्यायचा होता, तुम्हाला आर्किटेक्चर का करायचंय यावर. मी ऑफिसात कागदपत्रं लिहिते म्हणून तो तपासायला माझ्याकडे आला. पहिलं वाक्य होतं: उमेदवार चालू स्थितीत आहे. दुसरं: किरकोळ झीज सोडता दोष नाही. मी म्हटलं, "चीफ, तुम्ही स्वतःला विकायला काढल्यासारखं लिहिलंय."

"मग काय लिहू?"

"तुम्हाला हे का करायचंय ते."

चीफनी निबंधाची घडी घातली. चहा अर्धा टाकून घरी गेले.

पुढच्या शनिवारी लिमनेही तेच विचारलं. चीफनी आतापर्यंत काढलेले सगळे कागद तिने वर्गात जमिनीवर मांडले. जिने, नळ, पुलांचे खांब, मंडपाचा नवा आराखडा. सगळं मापात, सगळं सरळ. ती म्हणाली, "अंकल, रेघ छान आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

यानंतर दोन आठवडे समोरचं दार बंद होतं. रविवारच्या नाश्त्यालाही दोघं आले नाहीत. जाता येता आतून आवाज तेवढे ऐकू यायचे. एकदा नीलाताई म्हणत होत्या, "खिडकी तिकडे नव्हती. मोरीच्या बाजूला होती." चीफ म्हणाले, "तू पूर्वेला सांगितली होतीस." "मी पूर्वेला ऊन येतं म्हटलं होतं. खिडकीतून येतं असं कुठे म्हटलं? दारातून यायचं."

मला राहवेना. इडलीचं पीठ जास्त झालंय या निमित्ताने मी गेले. हॉलमधलं जेवणाचं टेबल कागदांनी भरलं होतं. चीफ पेन्सिलीला टोक करत होते आणि नीलाताई समोर लाल पेन घेऊन बसल्या होत्या, पेपर तपासायला बसतात तशा.

"आमची घरं काढतोय," त्या म्हणाल्या.

लग्नानंतर त्यांनी पाच घरं बदलली होती. डोंबिवली, ठाणे, नाशिक, पुन्हा ठाणे, मग वाशी. आणि दर वेळी घर बदललं तेव्हा चीफ समुद्रावर होते. करारच असे पडायचे. एका घरातून निघायचे, आठ महिन्यांनी दुसऱ्याच घरी परतायचे. स्टेशनवरून रिक्षावाल्याला पत्ता सांगताना खिशातली चिठ्ठी बघावी लागायची.

"बोटीवरून फोन लागायचा तो तीन-चार मिनिटं," नीलाताई म्हणाल्या. "तेवढ्यात काय बोलणार? मी घर सांगायचे. दार कुठे, पलंग कुठे, पाणी कधी येतं, खिडकीतून काय दिसतं. हा म्हणायचा, सावकाश सांग, मी काढून घेतोय."

"तेव्हाचे कागद गेले," चीफ म्हणाले. "पण डोक्यात आहेत."

तर पोर्टफोलिओ तो झाला. प्रत्येक घराचं चित्र चीफनी आधी आपल्या डोक्यातलं काढलं, फोनवर ऐकलेलं. मग नीलाताईंनी त्यावर लाल पेनाने दुरुस्त्या केल्या. चीफ त्या दुरुस्त्या घेऊन नवा कागद काढायला निघाले होते, पण लिमने ते बघून सांगितलं की नवा काढायचा नाही. असाच द्यायचा, लाल रेघांसकट.

मुलाखतीला चीफ सूट घालून गेले. समोर चार प्राध्यापक होते. चीफनी खुर्चीत बसण्याआधी त्यांना विचारलं की या खोलीतून बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे. चौघांनाही सांगता येईना. एक बाई उठून शोधायला गेल्या, तर मागच्या दारासमोर मुलांनी केलेली मॉडेलं छतापर्यंत रचून ठेवलेली. चीफ म्हणाले, आधी हे हलवू. अर्धा तास पाच जणांनी मॉडेलं हलवली. "मुलाखत तशी बरी झाली," त्यांनी घरी येऊन सांगितलं. "मॉडेलं मात्र फार हलकी होती."

"आणि घरांबद्दल काय विचारलं?" मी म्हटलं.

"विचारलं की यातलं सगळ्यात चुकीचं घर कुठलं. मी म्हटलं, नाशिकचं. तिथे मी कधी गेलोच नाही."

निकाल एका मंगळवारी आला. मी ऑफिसला निघाले होते. चीफ कॉरिडॉरमध्ये फोन हातात घेऊन उभे होते आणि नीलाताई त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. घेतलं होतं. अट एवढीच होती की आधी काही महिने पायाभूत वर्ग करायचे, ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी असतात ते. चीफ म्हणाले, "मी पूर्णपणे पात्र आहे, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." आणि आत जाऊन बराच वेळ बाथरूमचा नळ सोडून बसले. नीलाताई मला म्हणाल्या, "तू जा, तुला उशीर होईल. हा येईल बाहेर."

आता चीफ पहिल्या वर्षाला आहेत. वर्गातली बाकी मुलं पंचविशीची. त्यांना म्हणे हे वर्गात असल्याचा फायदा होतो, कारण कुणाचं मॉडेल उभं राहीना तर चीफ बघून देतात. चीफना त्यांचं अर्धं बोलणं कळत नाही. "अवकाशाचा अवकाशाशी संवाद" असं काहीतरी एकाने म्हटलं, तेव्हा यांनी विचारलं की पावसाचं पाणी कुठून जाणार. प्राध्यापकांनी फळ्यावर चीफचा प्रश्नच लिहिला. सकाळी साडेसातला खांद्याला चित्रांचं नळकांडं अडकवून ते एमआरटीच्या स्टेशनकडे जातात, आणि खालच्या पुठ्ठेवाल्या आजी त्यांना बघून अजून हसतात.

गेल्या महिन्यात विद्यापीठाने तो पोर्टफोलिओ परत पाठवला. चीफ वर्गाला गेले होते. नीलाताईंनी मला बोलावलं आणि एकेक कागद टेबलावर ठेवला. नाशिकचं घर शेवटी होतं. वडील आजारी होते म्हणून त्या माहेरच्या जवळ भाड्याची एक खोली घेऊन सात महिने राहिल्या होत्या. चीफ परत आले तोवर वडील गेले होते, खोली सोडली होती, आणि पुढे ती इमारतही पडली.

त्या कागदावर सगळ्यात जास्त लाल होतं. मोरी चुकलेली, खिडकी चुकलेली, जिना भलत्या बाजूला. नीलाताईंनी पायऱ्यासुद्धा मोजून दोन कमी केल्या होत्या. फक्त गॅलरीला लाल पेन लागलेलं नव्हतं. तिथे चीफनी बारीक पेन्सिलीने दोन खुर्च्या काढल्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून, एकमेकींना लागून.

"गॅलरी बरोबर काढली त्यांनी," मी म्हटलं.

"नाही," नीलाताई म्हणाल्या. "खुर्ची एकच होती. घरमालकाची, लोखंडी. मी संध्याकाळी तिथे बसायचे."

"मग ही दुरुस्त केली नाहीत?"

त्यांनी कागद उचलून थोडा लांब धरला. चष्मा घरात कुठेतरी राहिला होता.

"जागा होती ना तिथे," त्या म्हणाल्या. "गॅलरीत दोघांपुरती जागा आहे, एवढं मी त्याला फोनवर सांगितलं होतं."